जेवणाचे तालुके

आमचे शेजारी शिवलिंगअप्पा बोलता बोलता मध्येच थांबत, खिशातून भाकरीचा तुकडा काढून चघळत आणि मग उरलेलं वाक्य पुरं करत. समोरच्याच्या हातावरही एक तुकडा ठेवत.

उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं होतं. त्यावरूनच कापडदुकानदार अप्पांना शास्त्र सुचलं होतं. "क्लार्कसाब, मोठ्या जिल्ह्याचे तुकडे केले की कारभार सुधारतो न्हाई का? मग जेवणाचे तालुके पाडायला काय हरकत हाय? थोडं थोडं खाल्लं की पोटातली कचेरी दिवसभर चालू ऱ्हाती."

आमच्या नव्या जिल्हा कचेरीत खुर्च्या पोचल्या नव्हत्या, पण अप्पांचा शेंगदाण्यांचा पुडा माझ्या टेबलावर वेळेवर पोचे. एका मयतीत तर त्यांनी खांदा बदलून घेतला आणि दोन खारका तोंडात टाकल्या. एक मागच्या खांदेकऱ्याला दिली. त्यानं ती घेतलीही.

त्यांचे जावई बिलोलीला डॉक्टर. एकदा ते आले आणि शांतपणे म्हणाले, "मामा, किती वेळा खाता याला फार महत्त्व नाही. दिवसभरात एकूण काय आणि किती पोटात जातं, ते बघा. पोट बिघडत नसेल तर दोनदा खा, चारदा खा."

अप्पांना एवढा साधा सल्ला मानवणारा नव्हता. त्यांनी सगळे तालुके मोडीत काढले. "आता एकच टाईम. संध्याकाळी, आख्खं ताट." खिसे रिकामे झाले. अप्पा वाक्यं एका दमात पुरी करू लागले. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्या वर्षी दुष्काळ होता. टँकर आला की आम्ही सगळे रांगेत. आठवडाभरात त्याच रांगेत अप्पा घागरीसकट खाली बसले. डोळे फिरले होते. मी त्यांना धरून घरी नेलं.

स्वयंपाकघरात ताट वाढून झाकलेलं होतं. भाकरी वाळून कडक झालेली, वरणावर पापुद्रा.

"अप्पा, हे कधीचं?"

"कालचं."

"जेवला का नाहीत?"

अप्पा भिंतीला टेकून बसले. बायको जाऊन त्यांना दोन वर्षं होत आली होती. "तुकडा असला की कुनाच्या बी दारात बसून खाता येतंय," ते म्हणाले. "आख्खं ताट घेऊन कुठं जाऊ?"

मी उठलो. घरून ताज्या भाकरी आणि पिठलं आणलं. फळीवरची दुसरी थाळी काढली, फडक्यानं पुसली आणि त्यांच्यासमोर मांडी घातली.

अप्पा सावकाश, पोटभर जेवले. शेवटी पिठल्याचं भांडं माझ्याकडे सरकवून, वर न बघता त्यांनी विचारलं,

"उद्या तुमी कवा जेवता?"