अस्सल गल्ली क्रिकेट, काच फोडण्यासह

डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी मुलांना क्रिकेट खेळायला मनाई आहे. कारण रविवारी सकाळी आमच्या गल्लीत गल्ली क्रिकेट असते.

हा निर्णय सर्वांच्या हिताचा आहे, असे रहिवासी मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मण आप्पा यांनी जाहीर केले. आप्पा काही जाहीर करतात तेव्हा मान हलवायची पद्धत आहे. मीही हलवली.

आम्ही धुळ्याकडून इथे आलो तेव्हा क्रिकेटला काही लागत नसे. आमचे हे कापडाच्या लूमवर कामाला होते, तिथून चिंध्या आणत. मी त्यांचा घट्ट गोळा करून वर दोरा गुंडाळला की बॉल तयार. बॅट म्हणजे माझे कपडे धुवायचे धोपाटणे. ते जागेवर सापडले नाही की समजायचे, सामना सुरू झाला, आता धुणे थांबले. पुढे पोरे मागच्या पडीक जागेवर खेळू लागली. मग त्या जागेला जाळी लागली, आत हिरवी सतरंजी अंथरली गेली आणि तासाचे भाडे ठरले. त्याला बॉक्स क्रिकेट म्हणतात. आमची पोरे पुन्हा गल्लीत आली. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार शहराच्या श्रीमंत भागातल्या, वेसूकडच्या मोठ्या लोकांची होती. त्यांना हिरव्या सतरंजीचा कंटाळा आला होता.

ही बातमी भूपेंद्रने आणली. भूपेंद्र म्हणजे आमच्या शेजारच्या दगाभाऊंचा मुलगा. याच गल्लीत वाढला, माझ्या खिडकीची काच त्यानेच फोडली. आता तो लोकांना 'अनुभव' पुरवतो.

"मावशी, त्यांच्याकडे सगळं आहे हो, पण गल्ली नाही," तो म्हणाला. "बिचारे."

गल्ली भाड्याने द्यायचे ठरले. पण ती अस्सल हवी होती. आप्पांनी नुकतेच वर्षानुवर्षांचे खड्डे बुजवून घेतले होते, ते पुन्हा खणण्यात आले. दोरीवर ओले कपडे हवेत, म्हणून बायकांनी आदल्या दिवशी वाळलेले कपडे रविवारी पुन्हा भिजवून टांगायचे ठरले. समोरच्या घरातल्या सागरची बंद पडलेली स्कूटर भंगारात निघाली होती. ती परत आणून मध्यभागी उभी करण्यात आली. तिला बॉल लागला की फलंदाज बाद. माझ्या खिडकीला काच फुटल्यापासून पुठ्ठा होता. तिथे भूपेंद्रने नवी कोरी काच बसवली.

"भूप्या, उशिरा का होईना, भरपाई केलीस बाबा."

"मावशी, ही फोडायची आहे. दर रविवारी नवी लावू. मोठ्या पॅकेजमध्ये येते."

मग मलाच कामावर घेण्यात आले. हुद्दा: ओरडणारी मावशी.

"एकदा ओरडून दाखवा ना," भूपेंद्र म्हणाला.

"उगाच कशी ओरडू? तू काही केलंयस का?"

त्याने बॉल माझ्या दारावर हाणला.

"तुना बापनी गल्ली शे का रे? काच फुटनी ते कोन भरी?"

"हेच! अगदी हेच! अहिराणीच ठेवा, मावशी. पाहुण्यांना कळणार नाही, पण घरच्यासारखं वाटेल."

तिसऱ्या ओव्हरला ओरडायचे, बॉल पदरात घालायचा आणि पाहुण्यांनी दोनदा 'आंटी, प्लीज' म्हटले की परत द्यायचा, असे ठरले. हे काम मी इतकी वर्षे फुकट करत होते, याची मला हळहळ वाटली.

अडचण फक्त हर्षदाची होती. हर्षदा माझी नात, आठवीतली. डाव्या हाताने खेळते. रोज शाळेतून आली की ती आईबरोबर साड्यांना खडे चिकटवायला बसते. मोकळी असते ती रविवारी सकाळीच. दुपारी साड्यांचा नवा गठ्ठा येतो.

"काका, मला बॅटिंग पाहिजे," तिने भूपेंद्रला सांगितले.

"मग ये ना! रहिवाशांना सवलत आहे. अर्धंच तिकीट."

"माझ्याच दारात तिकीट?"

"म्हणून तर अर्धं."

शेवटी तिला 'स्थानिक मूल' या वर्गात घेतले. स्थानिक मुलांनी फील्डिंग करायची, गटारात गेलेला बॉल काढायचा आणि पाहुण्याने फटका मारला की "वाह अंकल" म्हणायचे. या वर्गासाठी बॅटिंगची तरतूद नव्हती.

पहिल्याच रविवारी एका हिरे व्यापाऱ्याचा पहिल्याच बॉलवर हर्षदाने एका हाताने कॅच घेतला. शेठनी पैसे परत मागितले. भूपेंद्रने तिला बाजूला घेऊन समजावले, "बेटा, कॅच सोडायचे. पण अस्सल वाटतील असे सोडायचे."

संध्याकाळी मी तिच्याकडे बटाटे फेकून सराव घेतला. एकही खाली पडला नाही.

"आजी, हातात आलेला बॉल सोडायचा कसा गं?"

हे मलाही ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी शेठ पुन्हा आले आणि पुन्हा तिच्याच हातात सापडले. कामगिरी असमाधानकारक ठरवून हर्षदाला वगळण्यात आले.

त्यानंतरच्या रविवारी ती बॅट घेऊन भिंतीवर कोळशाने काढलेल्या स्टंपांपुढे जाऊन उभी राहिली. हलेना. पाहुणे ताटकळले.

"मावशी, ओरडा तिच्यावर," भूपेंद्र कुजबुजला. "तुमचं कामच आहे ते."

"तिसरी ओव्हर कुठं आली अजून?"

"मावशी!"

मी ओरडले, पण भूपेंद्रवर. लहानपणी त्याने माझ्या ओट्यावर काय काय केले होते, ते सगळे सांगितले. पाहुण्याच्या हातातून बॉल हिसकावला, घरात गेले आणि कडी लावली. बाहेरून दोनदा 'आंटी, प्लीज' झाले. मग पुष्कळदा झाले. मी बॉल दिला नाही.

थोड्या वेळाने टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. इतकी अस्सल गल्ली आपण कुठेच पाहिली नाही, असे पाहुण्यांचे एकमत झाले होते. तिकीट वाढले. आणि जाताना प्रत्येकाने विचारले, ती बॅट घेऊन अडून बसलेली मुलगी पुढच्या वेळी असेल ना?

तेव्हापासून हर्षदाला परत घेतले आहे. तिने बॅट धरून ओट्यावर उभे राहायचे, तिला खेळू द्यायचे नाही आणि पाहुण्यांनी तिच्याकडे पाहून हळहळायचे. ती कबूल झाली. बॅट तरी हातात राहते, आणि एखादा बॉल कोणी देईल असे तिला अजून वाटते.

गेल्या रविवारी एका बाईंनी गॉगल काढून डोळे पुसले. "कितना गलत है, आंटी! इसको खेलने क्यों नहीं देते?"

मी म्हटले, "ताई, आता तुमचीच बॅटिंग आहे ना? दोन बॉल तिला द्या की."

बाईंनी हर्षदाकडे पाहिले. मग घड्याळाकडे पाहिले.

"अगली बार, आंटी. पक्का."

आणि त्या खेळायला गेल्या. बॉल स्कूटरला लागून बाद झाल्या, तरी आणखी एक बॉल मागून घेतला.

हे वाचून तुम्हाला हर्षदाचे वाईट वाटले असेल, तर जरूर या. रविवारी सकाळी ती ओट्यावरच असते. तुमची बॅटिंग आली की मी तुम्हालाही विचारीन.