तांबडी गिटार माळ्यावरून उतरून बोलती जाहली, त्याची हकीकत

श्रीगजाननाचें स्मरण करून, सरस्वतीस दंडवत घालून, ज्याचें नांव-गांव लिहूं नये ऐसी आज्ञा आहे त्या तीन खोल्यांच्या राज्याची ही खरी हकीकत लिहिली असे. ऐकणारांनीं कान शाबूत ठेवून ऐकावी.

शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस सकाळीं राजश्री दिगंबरराव चहा घेत असतां परमुलुखाहून पुतणीचा खलिता मोबाइलावर आला कीं, "काका, दशमीला येतेय. बाबांची गिटार मला हवीये. वाजते ना अजून?" इतकें वाचून रावांनीं कप खालीं ठेविला. कारण असें जे, धाकटे बंधु सुधन्वाराव ती तांबडी विजेची गिटार वाजवीत असत, आणि थोरल्या रावांनीं "बंद कर ती कटकट" याखेरीज तिजविषयीं कधीं दुसरा शब्द काढिला नाहीं. मग अकरा वर्षांमागें बंधु तापानें कैलासवासी जाहले, आणि रावांनीं चौदावे दिवशीं गिटार पेटींत घालून माळा नामक दुर्गीं कैद केली, ती पुन्हां स्वतः कधीं उघडिली नाहीं. पुतणी चित्रलेखा ते समयीं आठ वर्षांची, मामाचे घरीं वाढली. बापाचें वाजविणें तिला धड आठवत नाहीं. आतां ती येणार, आणि गिटार मुकी निघाली तर पोरीस कोणत्या तोंडानें सामोरें जावें, हा घोर रावांस लागला.

मग कुटुंब कुमुदिनीबाईंनीं स्टूल धरिलें, आणि राव माळ्यावर चढले, आणि पेटी उतरून उघडिली. पाहतात तों तारा गंजून गेल्या, खुंट्या हलावयास तयार नाहींत, आणि बोटांच्या पट्टीवर मळाचा थर. राव पूर्वीं रेडिओ दुरुस्त करीत, सबब हत्यारें घरचीं होतीं. मग पकडीनें साही तारा तोडिल्या, आणि खुंट्यांस शिलाई मशिनीचें तेल थेंब थेंब पाजिलें, आणि जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें पट्टी घासली, आणि पितळी आडपट्ट्यांशेजारचें लांकूड चिकटपट्टीनें झांकून त्या बारीक पॉलिश कागदानें उजळिल्या, आणि अष्टमीस बाजारांतून नव्या तारा आणून चढविल्या. मग घरच्या थोरल्या रेडिओस वायर जोडून, देवाचें नांव घेऊन तार छेडिली. रेडिओंत एकवार खर्र जाहलें, आणि मग चिडीचूप. पुन्हां छेडिली, तरी चिडीचूप. राव बोलिले, "मीच मारली हिला. माळ्यावर टाकून मारली."

बाई बोलिल्या, "अहो, मारली काय म्हणता? मागचं झाकण उघडा की. लोकांचे रेडिओ काय नुसते बाहेरून बघून दुरुस्त केलेत?"

तेव्हां रावांनीं तारा पुन्हां सैल केल्या, आणि गिटार पालथी घालून झांकणाचे स्क्रू काढिले. आंत पाहतात तों तांबडापिवळा चिखल वाळून बसला आहे, आणि आवाजाचें बटण त्यांत रुतलें आहे, आणि वायर खोवावयाच्या भोकांत तांदळाचे दोन दाणे आणि झेंडूची पाकळी. राव थक्क होऊन बोलिले, "हे काय?"

बाईंनीं मान खालीं घातली. "खंडेनवमीला पूजा करत होते. तुम्ही फुलं आणायला गेलात की स्टूल लावायचे. बटणावर हळदकुंकू, अक्षता, तेलाचं बोट. भाऊजींचं तेच तर हत्यार होतं. तुम्हाला आवडणार नाही, म्हणून बोलले नाही."

"अकरा वर्षं?"

"दहा. एका वर्षी माहेरी होते."

हें ऐकून रावांस हसूं फुटलें, आणि हसतां हसतां डोळे भरले. आपण टाकून दिली म्हणून ती मेली, हें जें काळजांत सलत होतें तें निघालें. गिटार उपेक्षेनें नव्हे, तर पूजा होऊन होऊन गुदमरली होती. बाईही पदर तोंडास लावून हसल्या. मग रावांनीं तो चिखल काडीकाडीनें उकरिला, आणि रेडिओच्या बटणांस मारावयाचा फवारा मारिला, आणि बटण पन्नास वेळ डावें-उजवें फिरविलें, आणि एक सुटली वायर डाख देऊन सांधिली. नवमीस दुपारीं तारा ताणून छेडिल्या तों रेडिओंतून ऐसा खणखणीत नाद उठला कीं, स्वयंपाकघरांतून बाई हातचें लाटणें घेऊन धांवत आल्या. राव हुश्श करून भिंतीस टेकले, आणि तीन दिवसांत प्रथमच पोटभर जेवले.

दशमीस चित्रलेखा आली, पायां पडली, गिटार मांडीवर घेतली, आणि दोनचार सूर वाजवून पुसती जाहली, "काका, बाबा असंच वाजवायचे का हो?"

खोटें सांगणें सोपें होतें. परंतु राव बोलिले, "मला नाही माहीत गं, बाळ. मी कधी बसून ऐकलंच नाही." आणि खुर्ची ओढून तिचे समोर बसले. "आता बसलोय. वाजव."

येणेंप्रमाणें तीन दिवसांची मोहीम फत्ते पावली. जुन्या सहा तारा कामास आल्या, दुसरें कोणी दगावलें नाहीं, आणि पुढील खंडेनवमीस फक्त फूल वाहावें, तेंही दुरून, ऐसा तह उभयतांत ठरला. पोर अजून वाजवीत आहे, आणि लिहिणारासही ऐकावयाचें आहे, सबब लेखणी येथेंच खालीं ठेविली.