नेमासावजी आणि भुरी

पौषाच्या थंडीत, सकाळी उठून चुलीपुढून हलू नये असं वाटायचं तेव्हा, आमचे घरमालक नेमासावजी परसातल्या मांडवाखाली तिवईवर बसून द्राक्षाच्या वेलीला पंख्यानं वारा घालीत असत.

कारंज्याला बिऱ्हाड केल्यावर पहिल्याच सकाळी मी विहिरीवर गेले आणि हा प्रकार पाहिला. मला आधी वाटलं, मांडवाखाली कोणी आजारी माणूस निजलंय. म्हणून घागर खाली ठेवून हळूच विचारलं, "सावजी, कोणाला बरं नाही का?"

"समदे बरे हायेत, मास्तरीनबाई," ते पंखा न थांबवता म्हणाले. "रात्री दव पडलं. पानं ओली राह्यली तं भुरी येते. म्हनून सुकवून राह्यलो."

मी घागर उचलली आणि घरात येऊन दार लावून घेतलं. माझा एक जुना रोग आहे. दुसऱ्याच्या वेडेपणाची लाज त्याला वाटत नाही, मला वाटते. कीर्तनकार अभंग विसरला की मान माझी खाली जाते. आमचे हे म्हणत, "तुला देवानं सगळ्या गावाची लाज एकटीला वाटून दिली." ते त्या वेळी मराठी शाळेत मास्तर होते, आणि मूर्तिजापूरच्या गाडीनं आम्ही दोन ट्रंका घेऊन उतरलो ते या सावजींच्या घरातल्या बाजूच्या दोन खोल्यांत. म्हणजे ज्याची लाज वाटायची तो माणूस आता रोज सकाळी समोर.

सावजी जैन, धान्याचे व्यापारी. अंगानं भारी, पांढरं धोतर, डोक्याला काळी टोपी. घरात एकटेच. स्वयंपाक स्वतः करीत आणि दिवस मावळायच्या आत जेवून घेत. दुकान चांगलं चालायचं, पण त्यांचा जीव दुकानात नव्हता. त्यांचं सगळं लक्ष ओलीकडे. ओल म्हणजे त्यांची सात जन्मांची वैरीण. श्रावण लागला की ते गल्लीतल्या घराघरांत जाऊन भिंतींना तळहात लावून बघत. लोणच्याच्या बरणीला हात लावायचे नाहीत, पण दुरून वास घेऊन सांगायचे, "दादरा बदला. कोरडा बांधा."

एकदा शाळेचे हेडमास्तर आमच्याकडे चहाला आले होते. मी नवा कप काढलेला, पोहे केलेले. तेवढ्यात सावजी आत आले, नमस्कार केला आणि हेडमास्तरांच्या कोटाचं टोक चिमटीत धरून म्हणाले, "साहेब, कोट दमट हाय. असाच घडी करून नका ठिऊ. जीव येतीन."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. हेडमास्तरांनी मात्र कोट काढून खुंटीला टांगला आणि पोहे खाल्ले.

जीव येतीन, हा त्यांच्या बोलण्यातला ठेवणीतला शब्द. त्यामागचं शास्त्र त्यांनी मला एकदा विहिरीवर समजावून सांगितलं. "मास्तरीनबाई, मुंगी एक जीव. चिलट एक जीव. पन बुरशी? सुईच्या टोकावर मावंन एवढी बुरशी घ्या, त्याच्यात अनंत जीव. तुमी आंब्याच्या फोडीवरची बुरशी पुसून टाकता ना? तवा काय करता ते तुमाले ठाव नाई, म्हनून बरं हाय." तेव्हापासून आठवडाभर मला लोणचं गोड लागलं नाही.

आता अशा माणसानं द्राक्ष लावू नये. द्राक्षाइतकी बुरशीला आवडणारी दुसरी वेल नाही. आश्विनात छाटली की कोवळी फूट येते, आणि पौषात आभाळ आलं की त्या पानांवर, घडांवर राख फेकल्यासारखी पांढरी भुरी बसते. मग मणी तडकतात, घड वाया जातो. तिच्यावर उपाय गंधकाचा. पातळ फडक्यात गंधकाची पूड बांधून वेलीवर झटकायची, की भुरी मरते.

मरते, तिथंच सावजींचं घोडं अडे. पण त्यांनी त्यातून वाट काढली होती. भुरी आल्यावर गंधक मारणं ही हिंसा. भुरी यायच्या आधी, स्वच्छ पानावर गंधक टाकलं तर मरायला तिथं आहे कोण? म्हणून ते छाटणीपासूनच, एक ठिपका दिसायच्या आत, नेमानं गंधक झटकीत. दव पडलं की वारा घालीत. दाटलेली पानं खुडून मांडवात उजेड येऊ देत. "घर कोरडं अन् उजेडाचं असलं का जीव येतच नाई," ते म्हणत. "कोनाले मारा लागत नाई, कोनाले हाकला लागत नाई."

"आणि तरीही आली तर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"आली तं ते पाव्हनी. तिले तिचं खाऊ द्याचं."

मंदिरातल्या एका पंडितांनी त्यांना अडवलं होतं म्हणे, की वारा घालण्यातसुद्धा वाऱ्याच्या जीवांना त्रास होतो. सावजींनी पंखा सोडला नाही, फक्त हलक्या हातानं वारा घालायला लागले.

गंधक यायचं शेजारच्या गफूरमियांकडून. ते लग्नाच्या वरातींसाठी दारूकाम करीत, म्हणून त्यांच्याकडे गंधकाचा साठा असे. दोघांचं भांडण रोजचं. "माह्या गंधकानं आसमानात फुलं फुटते," गफूरमियाँ म्हणायचे, "अन् हे सावजी ते पानाले पावडर लावून राह्यले." पण देताना स्वतः वस्त्रगाळ करून द्यायचे.

एवढा खटाटोप करून सावजी स्वतः द्राक्ष खात नसत. वेलीचे घड उतरले की ते गल्लीत वाटून टाकत. मी एकदा गफूरमियांना विचारलं, "मग लावली कशाला ही वेल?"

गफूरमियांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "भाभी, ते वेल त्याइनं नाई लावली. त्याइच्या घरवालीनं लावली."

मग सगळं कळलं. सावजींची बायको दौलताबादकडची. माहेराहून येताना तिथल्या द्राक्षाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं आणली आणि विहिरीजवळ लावली. मूलबाळ झालं नाही. तिचं मन आधीपासूनच वैराग्याकडे. एक दिवस तिनं दीक्षा मागितली. नवऱ्यानं हो म्हटल्याशिवाय ती मिळत नाही. सावजींनी हो म्हटलं. ती आर्यिका झाली: एक पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी, गावोगाव पायी फिरायचं आणि दिवसातून एकदाच ओंजळीत कोणी वाढेल तेवढं खायचं. ती गेली आणि पुढच्याच वर्षी वेलीला पहिले घड आले. तिनं लावलेल्या वेलीचा एक मणीही तिच्या तोंडी गेला नव्हता.

गावानं मात्र, बायकोनं सोडलेला माणूस, हेच धरून ठेवलं. बाजारात कोणी दीक्षेचा विषय काढला की सावजी तराजू पुसायला लागत.

आम्ही तिथं असतानाच एका वर्षी मंदिरात बातमी आली की माताजींचा संघ चैत्रात कारंज्याला येतोय. ज्यांच्याशी संसार केला त्यांना सावजीही आता माताजीच म्हणत. त्या दिवशी ते आमच्या दाराशी आले आणि उगाचच चौकटीची ओल बघत राहिले. मग म्हणाले, "अख्खं द्राक्ष चालत नाई त्याइले. रस काढा लागते, गाळा लागते, ऊन करा लागते. मंग चालते." एवढं सांगून ते दुकानाकडे वळले. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद कधी पाहिला नव्हता, आणि का कोण जाणे, तो बघायचीही मला लाज वाटली.

आणि त्याच वर्षी घोटाळा झाला. अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या पानाला हात लावायचा नाही हा सावजींचा नेम. पौषातल्या चतुर्दशीला आभाळ भरून आलं, नेमकी गंधकाची पाळी त्याच दिवशी. सावजी दिवसभर हातांची घडी घालून मांडवाखाली बसले. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना साक्षीसाठी अकोल्याला जावं लागलं, आणि तिथं खटला लांबला. आम्ही गंधक मारतो म्हटलं असतं तर त्यांना चाललं असतं, पण ते ना त्यांना सुचलं ना आम्हाला. परत आले तो कोवळ्या घडांवर भुरी बसलेली.

पाव्हनी आली होती.

पुढले काही दिवस मी सांगू नयेत असे आहेत. सावजींनी दुकान उघडलं नाही. सकाळ-दुपार पंखा. वेलीपुढं हात जोडून ते भुरीला खरोखर विनवीत होते, "जा बाप्पा, दुसरीकडं जा. माह्यावर एवढी मेहेरबानी करा." विहिरीवर येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत. मी पाणी भरायच्या वेळा बदलल्या. भुरी काही गेली नाही, एका फांदीवरून दुसरीवर सरकत राहिली.

मग एका सकाळी मी चुकून लवकर गेले. सावजी मांडवाखाली उभे होते. हातात गंधकाचं फडकं. मान वेलीकडून पार वळवलेली, डोळे मिटलेले, आणि हात भुरीच्या घडांवर फडकं झटकत होता. पिवळी धूळ त्यांच्या टोपीवर, खांद्यावर पडत होती. ओठ हलत होते. शब्द ऐकू आला तो एकच, "क्षमा." मी विहिरीच्या कठड्याआड बसून राहिले. कोणाला उघडं पाहिल्यासारखं झालं होतं मला.

भुरी मेली. घड वाचले. ऊन चढलं तसे मणी भरले, आणि चैत्रात त्या वेलीला जे घड लागले तसे मी कारंज्यात पुन्हा पाहिले नाहीत. सावजींनी मात्र मीठ सोडलं, तूप सोडलं, एकवेळ जेवायला लागले. मंदिरात जात, पण गाभाऱ्यापर्यंत न जाता खांबाशी उभे राहून परत येत.

"सावजी, चेहरा काहून उतरला?" गफूरमियांनी विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले. "गंधक चांगलं होतं तुमचं."

माताजी आल्या. आहाराची जैनांची रीत अशी, की घरोघरी लोक आंघोळ करून, भरलेला कलश हातात घेऊन दारात उभे राहतात. साध्वी समोरून येते. घरधन्यानं थांबण्याची विनंती करायची आणि मोठ्यानं सांगायचं की आमचं मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. हे ऐकल्यावरच ती आत पाऊल टाकते. नाही तर पुढच्या घरी.

सावजी आमच्या ओट्याशेजारी, आपल्या दारात उभे होते. नवं धोतर, हातात कलश, घरात चांदीच्या वाटीत ऊन केलेला रस तयार. मी खिडकीत, गफूरमियाँ त्यांच्या दारात. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं कोण कोणाच्या दारी येतंय.

त्या आल्या. वाळलेल्या, ठेंगण्या, नजर जमिनीवर. सावजींच्या दारापाशी त्यांचे पाय थांबले.

"वंदामि माताजी," सावजी म्हणाले. आवाज खणखणीत. "अत्र तिष्ठ, तिष्ठ. मन शुद्ध..."

आणि तिथंच थांबले.

बोला ना सावजी, मी मनात म्हणत होते, चार शब्द तर आहेत, जन्मभर पाठ आहेत तुम्हाला. त्यांची मान खाली गेली. माताजी दारात तशाच उभ्या होत्या. मग ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "नाई माताजी. शुद्ध नाई."

माताजींनी लगेच पिंछीसह हात उचलला, आशीर्वाद दिला आणि त्या पुढं गेल्या. पलीकडच्या घरी त्यांचा आहार झाला.

दुपारी सावजी ती रसाची वाटी घेऊन आमच्याकडे आले. गफूरमियांनाही हाक मारली. "घ्या," म्हणाले. "वाया गेला तं आनखी पाप." आम्ही प्यालो. इतका गोड रस घशाखाली उतरवताना मला कोणाकडे बघवेना.

गफूरमियांना राहवलं नाही. "बोलून टाकाचं ना सावजी. भुरी माह्या गंधकानं मेली, हे दुसऱ्या कोनाले ठाव होतं?"

"कोनालेच नाई," सावजी म्हणाले. "त्याइनं माह्या शब्दावर इश्वास ठेवला असता. दीक्षा घेतानीही ठेवला होता, मी मनापासून हो म्हनलं असं समजून. मन तवाही शुद्ध नव्हतं, गफूरभाई. तवा मी खोटं बोललो. आता दुसऱ्यांदा खोटं नाई बोलवलं."

गफूरमियाँ उठून दाराशी गेले आणि बाहेर बघत राहिले. सावजींनी रिकामी वाटी धुतली, धोतराच्या सोग्यानं पुसून कोरडी केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"मास्तरीनबाई, तुमी खिडकीत होत्या. माही मान खाली होती. मले दिसलं नाई. त्या लगेच निंगाल्या का?"

"नाही सावजी," मी म्हटलं. "थांबल्या होत्या. तुम्ही नाही म्हटल्यावरसुद्धा थांबल्या होत्या."

"किती येळ?"

"पुष्कळ वेळ."

त्यांनी मान हलवली, वाटी उचलली आणि दुकान उघडायला गेले.