समुद्रातल्या शेताला लेंडीखत

"मला पोरगा दाखवू नका. त्याचं शेत दाखवा!"

हे महादेवआप्पांचं ठरलेलं वाक्य. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं की लोक आधी आप्पांना गाडीत घालून मुलाच्या शेतावर न्यायचे. आप्पा बांधावर चपला काढायचे, मूठभर माती उचलून हुंगायचे आणि उभ्या उभ्या निकाल द्यायचे. चिकोडीकडच्या एका स्थळाला त्यांनी "पाणी निचरत न्हाय, पोरगा आळशी असणार," असं सांगितलं होतं. पोरगा खरोखरच आळशी निघाला. तेव्हापासून पंचक्रोशीत आप्पांच्या शब्दाला किंमत आली आणि ती आप्पांना स्वतःलाही वाटू लागली.

अशा माणसाच्या घरात एक दिवस त्यांच्याच रचनाने, म्हणजे बेळगावात कॉलेजात शिकवणाऱ्या एकुलत्या एका मुलीने, आपलं लग्न आपणच ठरवल्याचं सांगितलं.

"नाव केयूर. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करतोय. कारवारच्या पुढं एका संस्थेत हाय."

"नोकरी झाली," आप्पा म्हणाले. "शेती?"

केयूरचं घराणं तीन पिढ्या बेळगाव शहरातलं. आजोबा वकील, आई निवृत्त शिक्षिका. घरची सगळी शेती म्हणजे गॅलरीतल्या दोन तुळशी. रचनाने क्षणभर आढ्याकडे बघितलं.

"हाय की. प्रवाळाची."

"किती?"

"मोजलेली न्हाय, आप्पा. समुद्रात हाय."

मोजलेली नाही, हे ऐकून आप्पा सरसावून बसले. मोजायला परवडत नाही इतकी जमीन असलेला माणूस त्यांनी आजवर बघितला नव्हता.

"प्रवाळ म्हंजे ह्येच न्हवं?" त्यांनी बोटातली पोवळ्याची अंगठी पुढे केली. मंगळ शांत राहावा म्हणून ती त्यांनी वीस वर्षं घातली होती.

"त्याच जातीचं. पण केयूर ते विकत न्हाय."

पुढचं आप्पांनी ऐकलंच नाही. "मग बघून येऊ! शेत पास तर पोरगा पास. शेत नापास झालं, तर हा इषय ह्या घरात पुन्हा काढायचा न्हाय."

"आणि पास झालं तर मागं फिरायचं न्हाय," रचना म्हणाली. तिने आप्पांवरची नजर हलवली नाही. जयाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, ते बघितलं आणि गुपचूप लाडवाचा डबा भरायला घेतला.

रीतीप्रमाणे मुलगी घरी थांबली आणि मोठी माणसं निघाली. गाडी चालवायला आप्पांचा मेहुणा रविराज. मागच्या सीटवर जयाबाई, लाडू, आणि एक पोतं. पोत्यात काय आहे ते जांबोटीत चहाला थांबल्यावर रविराजला वासावरून कळलं.

"दाजी, पाव्हण्याकडं लेंडीखत?"

"शेतकऱ्याच्या घरी शेतकऱ्यानं मोकळ्या हातानं जाऊ ने! दोन म्हैने मेंढरं बसवलती. असलं खत त्याच्या बापानं बघितलं नसंल."

ते मात्र खरं होतं. केयूरचे वडील स्टेशनरीचं दुकान चालवायचे.

घाट उतरून, गोवा ओलांडून मंडळी दुपारी किनाऱ्यावर पोचली. केयूर फाटकापाशी उभा होता. उन्हाने रापलेला, अर्ध्या चड्डीत. त्याने वाकून नमस्कार केला. आप्पांनी आशीर्वाद देता देता त्याचे तळहात बघून घेतले. घट्टे होते. पहिला गुण मिळाला.

"काका, आधी जेवून घ्या."

"आधी शेत!"

केयूरने सगळ्यांना होडीत बसवलं. किनाऱ्यापासून थोडं आत जाऊन होडी पाण्यावर तरंगणाऱ्या एका बोयाला बांधली. "नांगर टाकत नाही आम्ही. नांगर तळाला लागला की शंभर वर्षांचं प्रवाळ एका फटक्यात मोडतं." मग त्याने तळाला काच लावलेली एक लाकडी पेटी पाण्यावर धरली आणि आप्पांना आत बघायला सांगितलं.

आप्पांनी बघितलं. खाली लोखंडी चौकटींच्या रांगाच रांगा होत्या, आणि प्रत्येक चौकटीवर बोटाएवढे तपकिरी, जांभळे, पिवळसर कोंब बांधलेले. मधून निळे मासे ये-जा करत होते. चाळीस वर्षं तंबाखूचं तरू, म्हणजे रोपं, लावलेल्या माणसाला रांग ओळखायला काय वेळ लागतो? ओळी सरळ होत्या. दुसरा गुण.

"बांध कुठं?" त्यांनी विचारलं.

"बांध नाही, काका."

"शेजारी?"

"मासे."

बांध नाही म्हणजे बांधावरून भांडण नाही. चिकोडीच्या कोर्टात चौदा वर्षं बांधाची केस लढवणाऱ्या आप्पांनी एक खोल श्वास घेतला. त्यांना पहिल्यांदाच समुद्र आवडला.

"उतारा कुणाच्या नावावर?"

"समुद्राचा उतारा नसतो. जागा सरकारची. आम्हाला काम करायची परवानगी आहे."

"म्हंजे गायरान," रविराज म्हणाला. होडीच्या हेलकाव्याने त्याचा चेहरा हिरवा पडला होता, पण मुद्दा सोडला नाही.

आप्पांनी एक गुण कापला. "बरं. पीक कधी निघतंय?"

केयूर सांगू लागला. लाटांनी, नांगरांनी मोडलेले तुकडे ते गोळा करतात. वर्ष-दीड वर्ष जपून वाढवतात आणि मग उजाड झालेल्या खडकावर पुन्हा लावून देतात. वाढ फारच हळू. काही जाती तर वर्षाला पेरभरसुद्धा वाढत नाहीत. प्रवाळ असेल तिथे माशांची पिल्लं वाढतात, लाटांचा जोर अडतो, किनारा धुपत नाही.

"ते समदं झालं. इकायचं कधी?"

"विकत नाही."

"खायचं?"

"नाही."

"कापणीच न्हाय?"

"नाही, काका. आणि हे झाडसुद्धा नाही. प्राणी आहे. हजारो बारके जीव एकत्र राहतात."

आप्पांनी पेटीतून डोकं बाहेर काढलं.

"मग ही शेती न्हवं, पोरा. ह्यो गोठा हाय!"

"आणि दूध न्हाय," रविराज म्हणाला आणि होडीच्या कडेला वाकला.

होडी किनाऱ्याला लागली. जयाबाई पटकन पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "पास का नापास?"

"बघू," आप्पा म्हणाले. हा शब्द त्यांनी आजवर ज्या ज्या शेतावर वापरला होता, तिथली सगळी स्थळं मोडली होती. जयाबाईंना गावात वाट बघत बसलेली रचना दिसू लागली.

किनाऱ्यावर पत्र्याच्या सावलीत सिमेंटच्या तीन टाक्या होत्या. नवे तुकडे आधी इथे ठेवायचे, तग धरला की समुद्रात न्यायचे. आप्पा थबकले. हे मात्र त्यांच्या ओळखीचं होतं. आधी वाफ्यात तरू, मग रानात लावण! त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी वाकून निरखलं आणि मधल्या टाकीतले बरेचसे तुकडे त्यांना पांढरट दिसले.

"ही अशी का?"

"उन्हाळ्यात पाणी तापलं. तापलं की रंग जातो, जीव उपाशी पडतो," केयूर म्हणाला. "ह्यांना जगवायचीच खटपट चाललीय. तीन वर्षांचं काम आहे सगळं. बसा, मी पानं वाढायला सांगतो." तो आत गेला.

उपाशी! हा एकच शब्द आप्पांच्या डोक्यात राहिला. पिवळं पडलेलं तरू त्यांनी हजारदा बघितलं होतं आणि त्याचं औषधही त्यांना ठाऊक होतं. औषध गाडीत होतं.

इथे आप्पांची बाजू सांगितली पाहिजे. पोरगा त्यांना आवडला होता. शेत तेवढं नापास होत होतं. नापास शेत पास करण्याची विद्या आपल्या पोत्यात असताना मुलीचं मन मोडायचं, हे त्या बापमाणसाला पटेना. त्यांनी पोतं खांद्यावर टाकलं, मधल्या टाकीपाशी आणलं आणि देवाचं नाव घेऊन कडेकडेने, नीट हात फिरवत, सगळं ओतलं. वर पाणी द्यायची गरज नव्हती.

"आता बघ," ते जयाबाईंना म्हणाले. "आठ दिवसांत काळीभोर हुतील!"

आठ दिवस लागले नाहीत. पाच मिनिटांत पाणी चहासारखं झालं.

"हे काय आहे?" संस्थेच्या प्रमुख माधवी मॅडम धावत आल्या. बाईंचा आवाज बारीक होता, पण पत्रा वाजला. "पंप बंद करा! कोणी टाकलं हे?"

आप्पांच्या हातात रिकामं पोतं होतं, ते त्यांनी पाठीमागे धरलं.

तोवर केयूर आला होता. त्याने टाकी बघितली, पोत्याचं लोंबणारं टोक बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"चूक माझी, मॅडम," तो म्हणाला. "पाहुण्यांनी प्रेमाने खत आणलं. इथं खत चालत नाही, शेवाळ माजतं आणि जीव गुदमरतो, हे मी आधी सांगायला पाहिजे होतं."

"तुझी तीन वर्षं आहेत त्यात, केयूर."

"माहीत आहे."

आप्पांनी पोतं खाली टाकलं. "त्याला न्हाय ठावं. म्या वतलं," ते म्हणाले. "आता काय करायचं ते सांगा. मी हाय."

करायचं ते सोपं होतं. चारशे बारा तुकडे एकेक करून बाहेर काढायचे, स्वच्छ पाण्यात धरून मऊ टूथब्रशने घासायचे आणि दुसऱ्या टाकीत ठेवायचे. आप्पा, जयाबाई, केयूर, मॅडम आणि रविराज ओळीने बसले. जेवणाची पानं आत वाळत राहिली.

आप्पांनी पहिला तुकडा उचलला तो खाली चिकटवलेल्या सिमेंटच्या चकतीला धरून. मॅडमनी बघितलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला? लोक टोकाला धरतात आणि मोडतात."

"तरूचा कोंब धरायचा नसतोय," आप्पा म्हणाले. "बुडाला धरायचं." मॅडमची नजर अंगठीवर गेली, तेव्हा आप्पांनी पोवळं हळूच तळहाताच्या बाजूला फिरवलं.

सूर्य बुडाला तरी काम चालू होतं. चाळीस वर्षांत आप्पांनी कोणाच्या शेतात इतकी भांगलण, म्हणजे खुरपणी, केली नव्हती, तीही दात घासायच्या ब्रशाने. तीनशे तुकड्यांनंतर त्यांनी शेजारी बसलेल्या केयूरकडे बघितलं. पोरगा न बोलता घासत होता. एकदाही त्याने उलटून काही म्हटलं नव्हतं.

"इकायचं न्हाय, खायचं न्हाय, उतारा न्हाय," आप्पा म्हणाले. "आणि तरीबी एवढं जपतोयस व्हय रं?"

"जपायला पाहिजे ना, काका. स्वतःहून परत उगवत नाही ते."

आप्पांनी नाक ओढलं. खाऱ्या वाऱ्याने होतं तसं, असं ते नंतर सांगत.

"पास," ते म्हणाले.

जयाबाईंनी तिथल्या तिथे, ओल्या हाताने, रचनाला फोन लावला. पलीकडे ती रडली. इकडे रविराजही रडला, पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याला भूक लागली होती.

एकोणीस तुकडे गेले. केयूरने तो आकडा आप्पांपासून लपवला नाही, आणि आप्पांनीही तो विसरायचा प्रयत्न केला नाही. त्या महिन्यात ते दोनदा स्वतःचा टूथब्रश घेऊन तिकडे जाऊन आले.

आता पसंती केयूरच्या आईची राहिली होती. सगळा प्रकार त्यांच्या कानावर गेलाच होता. मग एक दिवस सरोजिनीबाईंचा फोन आला तेव्हा आप्पा उठून उभे राहिले. आजवर दुसऱ्यांना नापास करणारा माणूस पहिल्यांदाच निकालाची वाट बघत होता.

"मुलगी आम्हाला मनापासून पसंत आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "देणंघेणं काही नको. एकच अट आहे."

"बोला की," आप्पा म्हणाले.

"फोनवर नको. पत्रिकेतच छापू."

पत्रिका आली. सुंदर होती, कोपऱ्यात प्रवाळाची नक्षी होती. गावात घरोघर वाटून झाल्यावर कुणीतरी खालची बारीक ओळ मोठ्याने वाचली:

"कृपया आहेर अथवा खत आणू नये."

छापखान्याची चूक आहे, असं आप्पा अजून सांगतात.