पासष्टावा हात

मुंडकी टॉवेलवर वाळत होती.

एकूण बत्तीस. नाकं छताकडे, दोन मुंडक्यांमध्ये बोटभर अंतर. शेजारच्या टॉवेलवर धडं, त्याच्या शेजारी पाय, आणि खिडकीतल्या दोरीवर अंगठ्याएवढ्या केप चिमट्यांना लटकत होत्या. हात मात्र वेगळ्या ट्रेमध्ये, पांढऱ्या रुमालाखाली झाकलेले.

चष्मेवाला आपलं चष्म्यांचं दुकान रविवार म्हणून अकरा वाजताच बंद करून घरी आला होता. एक बूट काढून झाला होता. दुसरा काढायचं राहिलं ते राहिलंच.

“आई,” तो म्हणाला, “हे काय आहे?”

“मुंडकी,” सासूबाई म्हणाल्या.

“ते दिसतंय.”

“मग विचारता कशाला जावईबापू? पाय पुसून या.”

सासूबाईंनी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर थिएटर सुटलं, सवय नाही. मुलीकडे राहायला येऊन त्यांना आठच दिवस झाले होते आणि एवढ्यात घरातले कंगवे उकळून झाले होते, चमचे लांबीनुसार लागले होते, आणि कात्री कुणी कुणाच्या हातात कशी द्यायची याचं प्रात्यक्षिक दोनदा झालं होतं. पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे त्यांचं लक्ष पहिल्याच दिवशी गेलं होतं. आत सुपरहिरोंच्या फिगर, म्हणजे छोट्या बाहुल्या, उभ्या होत्या. काळघार, दगड्या, वीजबाला आणि मंडळी. प्रत्येकाच्या काखेत धूळ.

“काखेत धूळ असली की माणूस मरतो,” सासूबाई म्हणाल्या. “खोललं सगळं. मुंडकी मुंडक्यांत, हात हातांत. सुटे केल्याशिवाय स्वच्छ होत नाही काही.”

“हात काढलेत तुम्ही?” चष्मेवाल्याचा आवाज पातळ झाला.

“चौसष्ट. मोजून काढले, मोजून धुतले.”

चष्मेवाला एका बुटावर उभा राहिला. त्याचं गणित इतर वेळी बरं होतं. कपाटात अठरा फिगर होत्या. अठराचे हात छत्तीस होतात.

“चौसष्ट कसे?”

“कपाटातले अठरा आणि तुमच्या लोकरी कपड्यांखालच्या बुटाच्या खोक्यातले चौदा. बिचारे किती दाटीवाटीनं कोंबले होते. म्हटलं, एकदाच होऊन जाऊ दे.”

सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचणाऱ्या बायकोनं पेपर खाली केला.

“कुठलं खोकं?” तिनं विचारलं.

*

इथे थोडं थांबून नियम सांगायला हवेत, कारण बाराला मंडळाचे अध्यक्ष कपाट तपासायला यायचे होते.

गावात सुपरहिरो-संग्राहकांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा त्याचं प्रदर्शन भरायचं आणि त्यात एकाच सभासदाचं कपाट मधल्या टेबलावर यायचं. चष्मेवाला अकरा वर्षं त्या टेबलाची वाट पाहत होता. मंडळाचे अठरा नियम होते, त्यातले दोन कामाचे.

नियम चौथा: ज्याच्या घरात एक जरी नकली फिगर सापडेल, त्याचं नाव यादीतून कायमचं खोडलं जाईल.

नियम सातवा: कोणीही फिगरचा हात कधीही काढू नये. हात काढलेली फिगर मंडळ ओळखत नाही.

अध्यक्षांनी आजवर नऊ नावं खोडली होती. दर वेळी लाल शाईनं, आणि दर वेळी पेन पुसून परत खिशात ठेवून.

*

“चौदा नकली?” बायको म्हणाली. “अहो, फूटपाथवरच्या नकली फिगर बघून तुम्ही नाक मुरडता. परवा शेजाऱ्यांच्या वाढदिवसाला आणलेली तुम्ही चिमट्यानं उचललीत.”

“हळू बोल.”

“घरात आपणच आहोत. कशाला घेतल्या?”

चष्मेवाल्यानं जमिनीकडे पाहिलं. कपाटातल्या अठराला हात लावायचा नाही असा त्याचा स्वतःचाच दंडक होता. फक्त बघायचं, तेही श्वास रोखून. मग पाच वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं रस्त्यावरून एक नकली काळघार आणला आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना लेन्सच्या डब्यावरून उडवून पाहिला. मग त्याला भांडायला कुणीतरी हवं म्हणून दगड्या आला. मग भांडण सोडवायला वीजबाला.

“हातात धरायला,” तो म्हणाला.

बायकोला हसू आलं, पण तिनं ते पेपरमागे नेलं. “आणि आता खरे कुठले, खोटे कुठले?”

“मला डोळे झाकून ओळखता येतात,” चष्मेवाला म्हणाला.

हे वाक्य तो मंडळाच्या प्रत्येक बैठकीत म्हणत असे. अडचण अशी की आज डोळे उघडे होते.

त्यानं दुकानातलं सगळ्यात जाड भिंग काढलं. दोन काळघारांची मुंडकी शेजारी धरली. दोघांची जिवणी सारखी, भुवया सारख्या, रागही सारखा. वास घेतला, तर सगळ्यांना साबणाचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर धडं ठेवली, तर काटा हललाच नाही. तो पिठासाठी होता. पातेल्यात टाकली. खरे बुडतात असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. सगळे तरंगले. शेवटी त्यानं दगड्याचा पाय दाताखाली धरला.

“अहो, भूक लागली असेल तर पोळी आहे,” बायको म्हणाली.

“तुमचं झालं असेल तर मी जोडायला घेते,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, ऐका जरा, हे दोन...”

“आई, कृपा करा. आता एक शब्द बोलू नका.”

सासूबाई खरंच गप्प बसल्या. थिएटरमध्ये सर्जन असाच बोलतो.

*

११.३०. जोडणी सुरू. कट्, कट्, कट्. सासूबाईंची बोटं मुंडकी न बघता उचलत होती.

११.४४. जोडणी पूर्ण. मोजणी: मुंडकी बत्तीस, हात चौसष्ट. बरोबर.

११.४५. सासूबाईंनी बत्तीस जणांना कपाटात दोन रांगांत उभं केलं आणि त्या हात पुसायला आत गेल्या.

११.४६. चष्मेवाल्यानं कपाट उघडलं.

बत्तीस दिसले तर प्रश्न येणार. एकाच कपाटात दोन काळघार म्हणजे अध्यक्षांच्या भुवया डोक्यावरून मागे जाणार. चौदा जणांना खोक्यात परत पाठवणं भाग होतं. पण कोणत्या चौदांना? त्यानं अकरा वर्षांचा अनुभव पणाला लावला. पुढच्या रांगेतून सात उचलले, कारण त्यांची नजर त्याला चोरटी वाटली. मागच्या रांगेतून सात, कारण ते जास्तच आज्ञाधारक दिसत होते. खोकं भरलं, लोकरी कपड्यांखाली ढकललं, उरलेल्या अठराजणांच्या रांगा नीट केल्या. घाईत एका दगड्याला कोपराचा धक्का लागला, पण तो पडला नाही.

११.५८. बेल वाजली.

*

अध्यक्ष उंच होते आणि बसतानाही उंचच राहायचे. त्यांनी कोटाच्या खिशातून मखमली पिशवी काढली, पिशवीतून एक काळघार काढला आणि तो कपाटाशेजारच्या तिपाईवर ठेवला.

“हा आमचा मापदंड,” ते सासूबाईंना म्हणाले, कारण त्याच एकट्या तिथे नवीन होत्या. “वीस वर्षं माझ्याजवळ आहे. याच्याशी जुळेल ते अस्सल, बाकीचं प्लास्टिक.”

“हा कशाचा आहे?” सासूबाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी ते ऐकलं नाही. ते भिंग लावून वाकले होते. पहिल्या रांगेवरून भिंग चाललं आणि चष्मेवाल्याचं काळीज त्याच्या मागोमाग, एक फिगर अंतर ठेवून.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. “इतका स्वच्छ संग्रह मी पाहिला नाही. काखासुद्धा.”

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं.

“ही वीजबाला बघा. हा खांदा. नकली करणाऱ्यांना असा खांदा जन्मात जमणार नाही.” भिंग पुढे सरकलं. “हा मात्र जरा... नाही, अस्सल आहे. हाही. आणि हा. मला वाटतं, यंदाचं मधलं टेबल...”

त्यांनी खिशातून फॉर्म काढला. लाल पेन नव्हे, निळं. चष्मेवाल्यानं आठवड्याभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

“एक मिनिट,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटची मोजणी राहिली.”

“आई, नंतर.”

“नंतर म्हणजे पेशंट घरी गेल्यावर? मोजणी तीनदा असते. आधी, मग, आणि बंद करताना.” त्यांचं बोट काचेवरून फिरलं, मग त्या कपडे ठेवायच्या कपाटाकडे गेल्या. आतून खोकं सरकल्याचा आवाज आला. चष्मेवाला खोकला, तरी तो ऐकू आलाच. त्या परत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. रुंदीला दार कमी पडत होतं.

“त्रेसष्ट. एक हात कमी आहे. मागचा तो दगड्या, केपखाली थोटा आहे.”

“बाई, मला साडेबाराला दुसरीकडे...” अध्यक्ष उठले.

“दादा, मोजणी जुळल्याशिवाय माझ्या थिएटरमधून कुणी बाहेर गेलेलं नाही. एकदा मंत्र्यांचं पोट दीड तास उघडं ठेवलं होतं, एका टाक्याच्या सुईपायी. ती डॉक्टरांच्या बुटात निघाली. बूट काढा.”

आवाज असा होता की अध्यक्षांचे हात त्यांना विचारायच्या आत नाड्यांकडे गेले. बूट निघाले, झटकले गेले, रिकामे निघाले. मग तिघंही गुडघ्यांवर आले. बायको सोफ्यावरच राहिली, फक्त पाय आणखी वर घेतले. वाकताना अध्यक्षांचा कोट तिपाईला घासून गेला.

“सापडला,” सोफ्याखालून चष्मेवाला म्हणाला.

“सापडला,” त्याच क्षणी तिपाईखालून अध्यक्ष म्हणाले.

दोघं आपापला हात घेऊन उभे राहिले. सासूबाईंनी चष्मेवाल्याच्या बोटांतला हात घेतला, दगड्याला लावला. कट्.

“चौसष्ट,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष मात्र खिडकीशी गेले होते. त्यांनी आपला हात उजेडात धरला, भिंग लावलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा कडक होत गेला.

“हे काय आहे?” ते म्हणाले. “कड बघा, कशी कापलीय. रंग बघा. अहो, ही धडधडीत नक्कल आहे. रस्त्यावरचा माल. तुमच्या घरात?”

चष्मेवाला कपाटासमोर आडवा उभा राहिला.

“नियम चौथा,” अध्यक्ष म्हणाले आणि निळं पेन खिशात गेलं. लाल बाहेर आलं. “अकरा वर्षं मी तुम्हाला जाणकार समजत होतो.”

“थांबा जरा,” सासूबाई म्हणाल्या. “आमचे चौसष्ट भरले. हा पासष्टावा आहे.”

“मग?”

“कमी असलं तर आपलं आत राहिलेलं असतं. जास्त निघालं तर दुसऱ्या कुणाचं तरी असतं. ते जास्त वाईट.” त्यांनी तिपाईकडे मान वळवली. “तुमच्या मापदंडाला हात किती होते?”

सगळ्यांनी तिपाईकडे पाहिलं. मापदंड एका हातानं आकाशाकडे झेप घेत होता.

अध्यक्षांनी पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ लावलं.

“उजेडात,” ते म्हणाले, “म्हणजे नीट उजेडात पाहिलं, तर कड तशी वाईट नाही.”

“कड जाऊ दे. हात खांद्यात बसतो ती खुंटी बघा.” सासूबाईंनी तो हात आणि कपाटातल्या वीजबालेचा काढलेला एक हात शेजारी धरले. “धुताना लक्षात आलं. कपाटातले अठरा होते, त्यांच्या हाताच्या खुंटीला बारीक खाच आहे. खोक्यातल्यांची खुंटी गुळगुळीत. खाचवाल्याचा हात गुळगुळीतवाल्याला बसतच नाही. ही वीजबाला गुळगुळीत आहे, आणि तुमचा हा पण.”

हातच काढायचा नाही असा नियम असल्यामुळे वीस वर्षांत मंडळातल्या कुणीही खुंटी पाहिली नव्हती.

“खोक्यातले म्हणजे?” अध्यक्षांनी सावकाश विचारलं.

“मी पुढच्या रांगेत खाचवाले लावले होते, मागच्या रांगेत गुळगुळीत,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापूंनीच नंतर उचलाउचल केली. सांगत होते, तर म्हणाले बोलू नका.”

आता अध्यक्षांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि चष्मेवाल्यानं अध्यक्षांकडे. एकाच्या कपाटात सात नकली होत्या आणि दुसऱ्यानं त्या नुकत्याच अस्सल ठरवल्या होत्या. शिवाय लाल शाईतली नऊ नावं खोलीत कुठेतरी ओळीनं उभी असल्यासारखं वाटत होतं.

“तुमच्याकडे किती आहेत?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“एकशे चाळीस.”

“कधी हात काढून...”

“नाही.”

“बघायचंय?”

अध्यक्ष बसले. या वेळी बसल्यावर ते उंच दिसले नाहीत. “नको,” ते म्हणाले. मग अगदी हळू विचारलं, “तुम्ही खोक्यातल्यांचं काय करता?”

“खेळतो.”

“काय, उडवून वगैरे?”

“लेन्सच्या डब्यावरून.”

अध्यक्षांनी मापदंड उचलला, हात जागेवर बसवला आणि, कुणी बघत नाही अशा समजुतीनं, त्याला गुडघ्यावरून सोफ्याच्या हातापर्यंत एक भरारी मारू दिली. मग त्यांनी लाल पेन पुसून खिशात ठेवलं, निळं काढलं आणि फॉर्मवर सही केली. मधलं टेबल चष्मेवाल्याचं. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते आणखी काही लिहीत राहिले, एक शब्द खोडला, परत लिहिला, आणि कागद चष्मेवाल्यापुढे सरकवला.

“अनुमोदक म्हणून सही करा.”

नियम एकोणिसावा: मंडळाच्या कोणत्याही सभासदाने कोणत्याही फिगरला पाणी लावू नये.

चष्मेवाल्यानं इतक्या झटपट सही दुकानातल्या चेकवरही कधी केली नव्हती. दोघांनी हस्तांदोलन केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यात काही जीव होता.

अध्यक्ष बूट चढवून दारापाशी गेले. मोजणी जुळली असल्यामुळे सासूबाई बाजूला झाल्या. त्यांनी चष्मा सावरून अध्यक्षांच्या हातातला तो कागद वाचला, खालून वर एकदा, वरून खाली एकदा.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण मी काही तुमची सभासद नाही.”

अध्यक्षांचा हात कडीवरच थांबला.

“प्रदर्शनाला मी येणारच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “हॉलमध्ये नळ असेल ना?”