एकशे अकरा सेंटिमीटर

मुलांना कोणत्या पार्कात न्यायचं हे ठरवायला राजकुमारला दोन वर्षं लागली, आणि ती वाया गेली असं त्याला आजही वाटत नाही. मेघाला वाटतं. मेघा त्याची बायको आहे, त्यामुळे तिला तसं वाटायला भक्कम कारणं आहेत.

राजकुमार चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांतून गाड्यांचे सुटे भाग येतात, ते मापात आहेत की नाहीत हे तो बघतो. मापात असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. केसभर फरक असला तरी लालच. मग वर्कशॉपवाले हात जोडून येतात आणि "साहेब, एवढ्या वेळी डेविएशन द्या" म्हणतात. डेविएशन म्हणजे माल मापात नाही हे कबूल करायचं, त्याचं कारण लेखी द्यायचं आणि साहेबाच्या सहीनं तेवढ्यापुरता तो पास करून घ्यायचा. अठरा वर्षांत राजकुमारनं अशा एकाही कागदावर सही केलेली नव्हती. याचा त्याला अभिमान होता. माणसाला एखादा तरी अभिमान असावा, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. तो त्यानं घरी आणू नये एवढंच.

राजकुमार आणायचा. त्यांच्या घरात फ्रीज यायला दोन उन्हाळे गेले, आणि आला तेव्हा गल्लीतले लोक स्वेटर घालून फिरत होते. धाकट्या माऊलीच्या बारशाला पाहुणे जेवून गेले, नाव त्यांना मागाहून कळवण्यात आलं.

तर थोरली सायली बालवाडीत असताना तिनं कुणाच्या तरी मोबाईलवर एका पार्कातली झुकझुक गाडी बघितली. इंजिनात एकच मूल बसतं, आणि दोरी ओढली की डोक्यावरची पितळी घंटा वाजते. "पप्पा, मला ती घंटा वाजवायचीये," ती म्हणाली. मागणं एवढंच होतं.

"बघतो," राजकुमार म्हणाला, आणि तो खरोखरच बघायला लागला.

त्यानं वहीत रकाने आखले. शहराच्या आसपासची तीन पार्कं घेतली: एक वेरूळ रस्त्यावरचं, एक वैजापूरकडचं, एक बायपासपलीकडचं. पाण्याची खोली, सावली, संडास, जवळचा दवाखाना, पाळण्यांचे नटबोल्ट. सायलीला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलनं रेघ मारली आणि वहीत लिहिलं, उंची एकशे एक सेंटिमीटर. पहिला उन्हाळा कागदावर गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात वैजापूरकडच्या पार्काला उघड्या वायरीवरून लाल चिठ्ठी मिळाली आणि बायपासवाल्याला भज्याच्या तेलावरून. राहिलं वेरूळ रस्त्यावरचं. झुकझुक गाडी तिथंच होती, आणि ती एकशे दहा सेंटिमीटरपर्यंतच्या मुलांसाठी होती. पुढच्या रकान्यात राजकुमारनं लिहिलं, "बसते." तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करायची राहिली होती.

बुधवारी रजा टाकून, घरी न सांगता, तो एकटाच मोटारसायकलवर तिथं पोचला. फाटकावरच्या माणसानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकट्या गड्याला आत सोडत नसतेत. फॅमिली पायजे."

"फॅमिलीसाठीच बघायला आलोय."

"मग फॅमिली घिऊन बघा."

"न बघता फॅमिलीला आणायचं कसं?"

फाटकवाल्यानं यावर थोडा विचार केला. "ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला आणि पुढच्या रांगेकडं वळला.

इथं घोडं अडलं. स्वतःची मुलं न्यावीत तर तीच सहल झाली, मग तपासणी कसली? शेवटी राजकुमारनं शेजारच्या चांदपाशाला गाठलं. चांदपाशाचं सोफ्याचं दुकान होतं, आणि त्याची मुबश्शिरा सायलीच्याच वर्गात होती. सायलीपेक्षा चार बोटं बुटकी, पण बोलण्यात चार हात पुढं.

"चांदपाशाभाई, उद्या मुबश्शिराला दोन तास माझ्यासंगं पाठवता का? पार्कात."

"हौ, ले जाव. पूछना क्या उसमें," चांदपाशा म्हणाला. "पर सायलीला कामून नेत नाय?"

"आधी तपासणी करायचीये."

"तपासून काय मिळतंय तुमाला, राजूभाई? आपण तर बच्चे डाले रिक्षा में, आन निकले."

चांदपाशाच्या मुलांनी तिन्ही पार्कं दोन-दोनदा बघितली होती आणि ती सगळी धडधाकट होती, हे राजकुमारला माहीत होतं. पण नशिबावर पास झालेला माल त्याला मंजूर नव्हता.

गुरुवारी मुबश्शिरा झुकझुक गाडीच्या इंजिनात चार वेळा बसली. तोवर राजकुमारनं पाण्यात काठी बुडवली, नटबोल्ट हलवून बघितले, आणि सगळं ठीक निघाल्यामुळे थोडा खट्टू झाला. मग त्याला गाडीजवळची उंची मोजायची पाटी दिसली. पत्र्याचा रंगीत उंट, त्याच्या मानेवर लाल रेषा, आणि खाली लिहिलेलं: एकशे दहा सेंटिमीटरपेक्षा उंच मुलांनी बसू नये. राजकुमारच्या खिशात स्टीलचा टेप कायम असतो. त्यानं तो काढला आणि लावला.

"तुमची रेषा चुकलीये," तो गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाला. "लिहिलंय एकशे दहा, आहे एकशे बारा."

"दोन सेंटिमीटरनं काय व्हतंय, साहेब? उंच लेकराचे गुडघे पुढच्या फळीला लागतेत, म्हणून ती रेषा. लेकरं हायत, लोखंड नाय."

"आज दोन सोडले तर उद्या चार सुटतील. मग माप ठेवायचंच कशाला?"

म्हाताऱ्यानं शिट्टी खिशात घातली आणि त्याच्याकडं निरखून बघितलं. "तुम्ही चिकलठाण्याचे राजकुमारसाहेब ना? मी आप्पासाहेब. माझं गाड्यांचे बुश बनवायचं वर्कशॉप व्हतं. तुम्ही एकदा माझा आख्खा टेम्पो माघारी लावला व्हता. केसभर फरक व्हता. मी डेविएशन मागायला आलो व्हतो तुमच्याकडं."

"मग?"

"मग काय. तुम्ही नाय दिलं."

राजकुमारला काही आठवेना. असे किती तरी टेम्पो त्यानं माघारी लावले होते. "आता वर्कशॉप?"

"बंद केलं. वय झालं. इथं लई बरंय. माल हसत येतो अन् हसत जातो."

निघताना राजकुमारनं पार्काची सूचना-वही मागून घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: "झुकझुक गाडीच्या मापाची रेषा दोन सेंटिमीटर वर आहे. तातडीने खाली घ्यावी." खाली सही, तारीख आणि फोन नंबर. मग स्वतःच्या वहीत पार्कासमोर हिरवी खूण केली. मुबश्शिराला त्यानं बजावलं, "सायलीला सांगायचं नाही, गंमत आहे." तिनं गळ्याची शपथ घेतली, आणि ती संध्याकाळपर्यंत पाळली.

रात्री ताटं वाढल्यावर सायली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही मुबश्शिराला गाडीत बसवलं?"

"ती तपासणी होती, बेटा."

"तिनं घंटा वाजवली?"

"वाजवली."

"चार वेळा?"

"हो."

"तपासायला चार वेळा वाजवावी लागती?"

पोरगी रडली असती तर राजकुमारला बरं वाटलं असतं, रडण्यावर काहीतरी उपाय असतो. ती रडली नाही. माऊलीजवळ जाऊन बसली आणि तीन वर्षांच्या त्या भावाला समजावून सांगायला लागली, "पप्पा आपल्याला नेत नसतेत. ते फक्त बघत असतेत." राजकुमारला ते लागलं. ताटातली भाकरी त्यानं तशीच ठेवली.

"रविवारी निघायचं," मेघा म्हणाली. "आणि त्या वहीत आता एक जरी रकाना भरलात तर मी ती चुलीत घालीन. आपल्याकडं चूल नाही, पण मी आणीन."

रविवारी चौघं निघाले. फाटकवाल्यानं राजकुमारला ओळखलं आणि "जमली का फॅमिली?" असं विचारून आत सोडलं. घसरगुंडी, पाण्याचा फवारा, फुगेवाला, सायलीनं कशाकडंही मान वळवली नाही. ती सरळ झुकझुक गाडीपाशी गेली आणि उंटाला पाठ लावून उभी राहिली.

उंटाच्या मानेवर नवी लाल रेषा होती, ताज्या रंगाची. सायलीचं डोकं तिच्या बोटभर वर होतं.

"असं कसं?" राजकुमार म्हणाला. "ही एकशे एक आहे. वहीत लिहिलंय."

"ते बालवाडीतलं," मेघा म्हणाली. "ती आता पहिली पास झाली. लेकरू वाढत असतं, तुमच्या रकान्यात ते नसेल."

राजकुमारनं टेप काढला. सायलीनं सँडल काढल्या, हेअरबँड काढला, केस तळहातानं दाबून धरले. एकशे अकरा. त्यानं तीनदा मोजलं. टेप चांगल्या कंपनीचा होता, तिन्ही वेळा तेच म्हणाला.

"परवापर्यंत बसली असती, साहेब," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "गुरुवारी कुणीतरी वहीत लिहून गेलं, शुक्रवारी मालकानं रेषा खाली घ्यायला लावली."

मेघानं गाडीजवळच्या टेबलावरची सूचना-वही उघडली. शेवटचं पान वाचलं, मग सही वाचली. "पायावर धोंडा पाडून घेणारे लोक ऐकून होते," ती म्हणाली, "टेप लावून पाडणारे आजच बघितले."

माऊलीला मागच्या डब्यात बसवलं होतं, तो तिथून "ताई, ये" म्हणून हात करत होता. सायली अजून उंटापाशीच उभी होती. राजकुमारनं तिच्याकडं बघितलं तर ती हळूच गुडघे वाकवत होती. बाप बघेल म्हणून थोडेच, पण वाकवत होती. 'सरळ उभी राहा' हे शब्द सवयीनं त्याच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले. अठरा वर्षांत त्यानं हजारो नग माघारी पाठवले होते, पण त्यातल्या एकानंही आत जाण्यासाठी अंग चोरलं नव्हतं.

तो आप्पासाहेबांजवळ गेला. "आप्पासाहेब, एवढ्या वेळी..." पुढचा शब्द काही केल्या निघेना.

"काय म्हणता?"

"डेविएशन द्या."

आप्पासाहेबांनी घाई केली नाही. गाडीचा ब्रेक लावला, टोपी सारखी केली, वही त्याच्यापुढं सरकवली. "लेखी लागंल, साहेब. तुमचाच नियम हाय."

राजकुमारनं स्वतःच्याच तक्रारीखाली लिहिलं: "सदर मुलगी मापापेक्षा एक सेंटिमीटरने जास्त आहे. तरी फक्त या वेळेपुरते गाडीत बसू द्यावे."

आप्पासाहेबांनी चष्मा लावून वाचलं. "कारण? कारणाबिगर तुम्ही माझा कागद हातात बी धरला नव्हता."

राजकुमार पेन धरून उभा राहिला. मागं दोन बाया आपली मुलं घेऊन थांबल्या होत्या आणि कान देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यानं लिहिलं: "कारण: बापाने उशीर केला."

"हां. आता तुमच्या कागदातलं शेवटचं. पुन्हा असं घडू नये म्हणून काय करणार?"

राजकुमारकडं नुसतीच वचनं होती, आणि लोकांची वचनं त्यानं स्वतः कधी धरली नव्हती. "ते रिकामं सोडलं तर चालेल का?"

"तुम्ही चालू दिलं असतं?"

"नाही."

"ठाऊक हाय," आप्पासाहेब म्हणाले आणि पानाखाली वेलांट्या काढत सही केली. "मी चालू देतो. बस गं पोरी इंजिनात. गुडघे जरा बाजूला घे."

गाडी तीन फेऱ्या फिरली. तिन्ही फेऱ्यांत सायलीनं घंटेची दोरी एकदाही सोडली नाही. पार्कातली माणसं कुठं आग लागली का म्हणून वळून बघत होती. राजकुमार कुंपणाला टेकून उभा होता, आणि घंटा किती वेळा वाजली ते मोजायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. हे मेघाच्या ध्यानात आलं.

सायली उतरली, बापाचं बोट धरलं आणि लगेच पलीकडच्या मोठ्या आकाशपाळण्याकडं बघायला लागली. "पप्पा, आता मला त्यात बसायचंय."

पाळण्याजवळ पत्र्याचा जिराफ होता. एकशे वीस सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नाही. राजकुमारचा हात खिशातल्या टेपकडं गेला, पण त्यानं तो काढला नाही. मोजायची गरजच नव्हती.

"नऊ सेंटिमीटर कमी आहेस, बेटा. अजून दीड वर्ष तरी लागेल."

सायलीनं मान वर करून पाळणा बघितला, मग बापाला बघितलं. तिचा आवाज समजुतीचा होता.

"मग तुम्ही आजपासूनच बघायला लागा."