शेवटची चार बोटं

"गुलाबी गेला!" फोटोग्राफर आतल्या खोलीतून असा काही ओरडला की, बाहेर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना घरात साप निघाल्यासारखं वाटलं. ते चप्पल हातात घेऊनच धावत आले.

"कुठं गेला?"

"साप नाही हो बाबा, शाई! प्रिंटरमधून गुलाबी शाईच येत नाहीये!"

संध्याकाळी पाच वाजता त्याच्या आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अकरा फोटो हॉलमध्ये लागलेसुद्धा होते. बारावा, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लाडका, अजून छापायचा होता. धुक्यातला पूल, सायकल ढकलत नेणारा म्हातारा आणि अगदी खाली डबक्यात त्याचं प्रतिबिंब. त्या डबक्यासाठी तो पाऊण तास चिखलात पालथा पडला होता. आता दुपारचे दोन वाजले होते आणि चाचणीच्या कागदावरचा म्हातारा कैरीसारखा हिरवागार दिसत होता.

अकरा फोटो छापून झाल्यापासून दोन महिने प्रिंटर बंद होता, शाई तिच्या फवारणीच्या बारीक छिद्रांतच वाळून बसली होती. त्याने सफाईचं बटण दाबलं. यंत्र घरघरलं, गुरगुरलं, पण म्हातारा हिरवाच. दुसऱ्यांदा सफाई, तिसऱ्यांदा सफाई. दर सफाईला यंत्र सगळ्याच रंगांची शाई घटाघटा पीत होतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"कचरा अडकलाय," सासरे म्हणाले. तीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं होतं. "फुंकर मारली की मोकळं होतं."

"बाबा, ते कार्बोरेटर नाहीये!"

पण तोवर सासऱ्यांनी जुनी गुलाबी कार्ट्रिज उपसून तोंडाला लावली होती. फुंकर आत गेली, शाई बाहेर आली. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा क्षणात जास्वंदीसारख्या फुलल्या.

"निघेल ना रे धुतल्यावर?"

"शंभर वर्षं टिकते म्हणून तर ही शाई घेतली!"

तेवढ्यात बायको रक्ततपासणीच्या लॅबमधली ड्युटी संपवून परतली. वडिलांच्या मिशांकडे तिने एकदा पाहिलं आणि तो विषय पुढे ढकलला. नवऱ्याने नवी कार्ट्रिज काढली होती आणि तो ती खुळखुळ्यासारखी हलवत होता.

"अरे, थांब! फेस होईल त्याचा! किती दिवस पडून होती ही?"

"सहा महिने."

"म्हणजे रंग तळाला बसलाय. दे इकडे. रक्ताची नळी आम्ही अशीच हळू फिरवतो." तिने कार्ट्रिज हळूहळू आडवी, उलटी, सुलटी केली, अगदी तान्ह्या बाळाला कुशीवर वळवावं तशी. मग ती बसवून आणखी एकदा सफाई केली. चाचणीचा कागद बाहेर आला. एकूण एक रेघ अखंड! तिघांनी असा जल्लोष केला की शेजारच्या काकू खिडकीतून "मुलगा की मुलगी?" म्हणून विचारू लागल्या.

मोठा कागद लावला. पूल आला, धुकं आलं, म्हातारा माणसाच्या रंगाचा आला. सायकलची चाकं आली. आणि डबकं सुरू व्हायच्या तोंडावर यंत्र थांबलं. लाल दिवा लागला. राखाडी शाई संपली होती, दुसरी घरात नव्हती आणि घड्याळात सव्वाचार झाले होते.

"माझं डबकं!" तो मटकन खाली बसला.

"किती राहिलंय?" सासऱ्यांनी वाकून बोटं लावली. "चारच बोटं की! कापून टाक."

"बाबा, डबकं हाच तर फोटो आहे!"

"डबक्यात काय दिसतं?"

"म्हातारा."

"मग वर आहे की तो!"

तो उठून उभा राहीपर्यंत बायकोने पट्टी ठेवून कोरा भाग कापलासुद्धा.

पाचला पाच मिनिटं कमी असताना फोटो भिंतीवर चढला. प्रमुख पाहुणे होते एक नामांकित फोटोग्राफर, कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडून वागणारे. सासऱ्यांच्या मिशा पाहून ते जरा दचकले, पण कलावंताच्या घरची माणसं अशीच असायची, असं समजून पुढे सरकले. अकरा फोटोंपुढून ते न थांबता गेले. बाराव्यापाशी ते थांबले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले.

"हा तुम्हीच काढलात?"

"हो, सर."

"सुरेख! कुठं थांबायचं हे कळलंय इथं." त्याचा हात हातात घेऊन ते बराच वेळ तसेच उभे राहिले. आनंदाने त्याला आपण जमिनीवर आहोत याचाही विसर पडला. मग पाहुणे बाकीच्या भिंतीकडे वळून मायेने म्हणाले, "उरलेल्या अकरांची खालची चार-चार बोटं काढून टाका. फार बरे दिसतील."

फोटोग्राफर "बघतो, सर" म्हणेपर्यंत सासरे हॉलच्या शिपायाकडे शिडी मागायला पोचलेही होते.